मिठापासून मंजिष्ठेपर्यंत : कमलादेवी चट्टोपाध्याय

संयुक्त अरब अमिरातीतील वारसा-महोत्सवांत एक दृश्य हमखास दिसते. धातूच्या लहानशा बैठकीवर एक गोल उशी बसवलेली असते. तिला कजूजा म्हणतात. त्या उशीवर टाचलेले धागे दोन्ही हातांनी एकमेकांवरून फिरवत, मध्ये चांदीसारखी चकाकणारी तार गुंतवत, एखादी प्रौढ स्त्री अरुंद नक्षीदार पट्टी विणत असते. ही ‘तल्ली’. स्त्रियांच्या झग्यांच्या बाह्यांना आणि गळ्यांना ती शिवली जाते. शेजारीच जमिनीलगत पसरलेल्या मागावर मेंढी, बकरी आणि उंटाच्या लोकरीचे ‘सदू’ विणले जात असते. काळा, पांढरा, तपकिरी, लाल अशा पट्ट्यांचे हे कापड तंबूंसाठी आणि उंटांच्या साजासाठी विणले जाई. तंबू गेले, उंटांचे काफिले गेले आणि विणणाऱ्या स्त्रियाही कमी झाल्या. २०११ मध्ये युनेस्कोने सदूची नोंद तातडीने जतन करण्याच्या वारशांच्या यादीत केली. २०१५ मध्ये शारजात स्थापन झालेली ‘इर्थी’ ही हस्तकला परिषद दिब्बा अल हिस्न येथील स्त्रियांना प्रशिक्षण देते, काम देते, आणि त्यांच्या तल्लीला आजच्या वस्तूंमध्ये जागा मिळावी म्हणून रचनाकारांशी त्यांची गाठ घालून देते.

महोत्सवात आलेल्या मराठी कुटुंबाला हे सारे ओळखीचे वाटावे, याला कारणे आहेत. मुंबईचे कापड गलबतांतून दुबईच्या खाडीत उतरत असे आणि १९६६ पर्यंत या किनाऱ्यावरचा व्यवहार रुपयांतच चाले. पण आणखी एक नाते आहे आणि ते कमी ठाऊक आहे. कारागिराची कला संग्रहालयाच्या कपाटात जपून भागत नाही. कारागिराला काम, मोबदला, नाव आणि पुढची पिढी मिळावी लागते, आणि त्यासाठी देशोदेशींच्या कारागिरांनी एकत्र यावे लागते, हा विचार १९६४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भरलेल्या जागतिक परिषदेत संस्थारूपाला आला. तेव्हा अमिरातींचे संघराज्य जन्मायला सात वर्षे अवकाश होता. त्या परिषदेतून ‘वर्ल्ड क्राफ्ट्स कौन्सिल’ उभी राहिली. तिच्या संस्थापकांत अमेरिकेच्या एलीन ऑस्बोर्न वेब यांच्याबरोबर हातमागाची साडी नेसलेल्या एक भारतीय बाई होत्या. त्यांचे वय एकसष्ट होते, आणि त्याआधी त्या बराच काळ एक वेगळेच आयुष्य जगून आल्या होत्या.

कमलादेवींचा जन्म ३ एप्रिल १९०३ रोजी मंगळूर येथे एका सारस्वत कुटुंबात झाला. वडील अनंतय्या धारेश्वर हे सरकारी सेवेतील मोठे अधिकारी. आई गिरिजाबाई सुशिक्षित, स्वतंत्र बाण्याच्या. घराचे आतिथ्य मोठे होते. न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले, रमाबाई रानडे अशा मंडळींशी या कुटुंबाचा स्नेह होता. सुधारकांच्या पुण्याचे वारे अशा रीतीने किनाऱ्यावरच्या त्या घरातही शिरत होते. कमलादेवी सात वर्षांच्या असताना वडील गेले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. त्या काळच्या कायद्याप्रमाणे सारी मालमत्ता सावत्र मुलाकडे गेली आणि गिरिजाबाईंच्या वाट्याला केवळ पोटगी आली. ती त्यांनी नाकारली आणि माहेरहून मिळालेल्या स्त्रीधनावर संसार चालवला. स्त्रीच्या हातात स्वतःचे मिळवलेले काही नसेल, तर श्रीमंत घरही एका दिवसात परके होते, हे त्या मुलीने पुस्तकात वाचण्यापूर्वी घरात पाहिले. पुढे हस्तकलेकडे त्या प्रथमतः कमाईचे साधन म्हणून पाहत आणि मग शोभेची गोष्ट म्हणून; त्याचे मूळ या घटनेत शोधणे वावगे ठरणार नाही.

चौदाव्या वर्षी विवाह झाला आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य आले. त्या काळी एवढ्यावर एखाद्या मुलीचे चरित्र संपत असे. कमलादेवींचे शिक्षण मात्र थांबले नाही. मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजात त्यांची ओळख सुहासिनी चट्टोपाध्याय यांच्याशी आणि त्यांच्यामार्फत बंधू हरीन्द्रनाथ यांच्याशी झाली. सरोजिनी नायडूंचे हे धाकटे भाऊ कवी आणि नाटककार होते. विधवेने पुनर्विवाह करावा आणि तोही परप्रांतीयाशी, यावर टीका झाली. दोघांनी ती मनावर घेतली नाही. एक मुलगा झाला. काही वर्षांनी संसार मोडला आणि कमलादेवींनी रीतसर घटस्फोट घेतला. त्यावर पुन्हा टीका झाली. मधल्या काळात त्या लंडनच्या बेडफर्ड कॉलेजात समाजशास्त्र शिकत होत्या. असहकाराच्या चळवळीची हाक ऐकून त्या १९२३ मध्ये परतल्या आणि सेवादलात दाखल झाल्या. १९२६ मध्ये मद्रास विधिमंडळाची निवडणूक त्यांनी लढवली. प्रचाराला जेमतेम दिवस मिळाले होते, तरी पराभव फक्त ५५ मतांनी झाला. पुढल्या वर्षी अखिल भारतीय महिला परिषद स्थापन झाली तेव्हा संघटनेचे काम त्यांच्याकडे आले.

मुंबईला मात्र त्या ठाऊक झाल्या १९३० मध्ये. दांडीयात्रेत स्त्रियांना घ्यायचे नाही, असे गांधीजींनी ठरवले होते. कमलादेवी वाटेत त्यांना जाऊन भेटल्या आणि मिठाच्या सत्याग्रहातून स्त्रियांना वगळू नये, हे त्यांना पटवून दिले. मुंबईच्या किनाऱ्यावर मीठ तयार करण्यासाठी जी सात जणांची पहिली तुकडी निघाली, तिच्यात दोन स्त्रिया होत्या: अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी. चौपाटीवर चुली मांडल्या गेल्या, समुद्राचे पाणी आटवले गेले आणि मिठाच्या पुड्या बांधून शहरभर विकल्या गेल्या. कमलादेवी त्या पुड्या घेऊन थेट उच्च न्यायालयात गेल्या आणि तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांनाच स्वातंत्र्याचे मीठ विकत घ्याल का, म्हणून विचारले. शेअर बाजारात शिरून त्यांनी मीठ विकले तेव्हा अटक झाली आणि जवळजवळ एक वर्ष तुरुंगात गेले. येरवड्याच्या भिंतीही त्यांनी पाहिल्या. १९३६ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्षाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मधूनच त्यांनी चित्रपटांत भूमिका केल्या, नाट्यसंस्था उभ्या केल्या, महायुद्ध सुरू झाले तेव्हा परदेशी असल्याने अमेरिका, चीन, जपान असा मोठा प्रवास केला. यांतले एकेक काम दुसऱ्या कोणाच्या आयुष्याला पुरले असते.

स्वातंत्र्य आले आणि त्यांच्या पिढीतील अनेक जण मंत्री, राज्यपाल, राजदूत झाले. कमलादेवी सत्तेच्या खुर्चीकडे गेल्या नाहीत. फाळणीने दिल्लीच्या आसपास निर्वासितांच्या छावण्या पसरल्या होत्या. त्यांनी १९४८ मध्ये ‘इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन’ स्थापन केली आणि छत्तरपूरला निर्वासित कुटुंबांची सहकारी शेती, तर फरिदाबादला वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या हजारो लोकांची वसाहत उभी करण्याच्या कामात ती संस्था उतरली. लक्ष्मीचंद जैन यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते याच कामात घडले. मदतीच्या रांगेत उभे राहण्याऐवजी निर्वासितांनी आपली घरे आपल्या हातांनी बांधावीत, आपले उद्योग सहकाराने चालवावेत, हे सूत्र होते.

पंजाब आणि सरहद्द प्रांतातून आलेल्या बायकांनी घरदार मागे टाकले होते. हात मात्र बरोबर आले होते. फुलकारी घातलेली एखादी ओढणी पेटीत तळाशी असे. जाड्याभरड्या खादीवर, कापडाच्या उलट बाजूने, धागे मोजत मोजत सुटे रेशीम भरत जायचे आणि सुलट बाजूला नक्षी उमटू द्यायची, अशी ही फुलकारी. मुलीच्या लग्नासाठी आई-आजी वर्षानुवर्षे ती भरत. ती विकायची वस्तू नव्हतीच. आता मात्र पोटाचा प्रश्न होता. घरात प्रेमापोटी केलेले काम बाजारात किती पैशांना द्यायचे, त्याला लागलेल्या महिन्यांचा हिशेब कोणी करायचा, आणि घाईने केलेल्या सुमार कामाशी त्याची स्पर्धा लागू नये म्हणून काय करायचे? देशातील हस्तकलांच्या राजकारणातले जवळपास सगळे प्रश्न असे एका ओढणीत सामावलेले होते.

१९५२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. दिल्लीतील ‘कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम’ची व्यवस्था युनियनकडे आली, आणि केंद्र सरकारने स्थापन केलेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाचे अध्यक्षपद कमलादेवींनी स्वीकारले. त्या तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या. राजकारणातल्या जुन्या सोबत्यांपैकी काहींना हे उतरते पाऊल वाटले असावे. पोलाद कारखाने आणि धरणांच्या त्या दशकात मातीची भांडी आणि भरतकाम यांत आयुष्य घालवणे म्हणजे निवृत्तीचाच प्रकार, असे मानणारे पुष्कळ होते. पण शेतीखालोखाल या देशात किती हात कशावर जगतात, याचा अंदाज असलेल्यांना तसे वाटले नसते.

खादीच्या चळवळीने सूत आणि माग वाचवला, हे तर खरेच. परंतु खादी ही स्वभावतः एक प्रकारचा गणवेश होती: पांढरी, साधी, सर्वांना सारखी. रंगारी, ठसे कोरणारा, कशिदा काढणारी, जरीची तार ओढणारा यांना त्या पांढऱ्या रंगात फारशी जागा नव्हती. कमलादेवी गांधीजींच्या अनुयायी होत्या, पण रंगाच्या बाबतीत त्या वेगळ्या वाटेने गेल्या. गरीब माणसालाही सौंदर्याची भूक असते आणि ती भागवणारा कारागीर हा चैनीचा पुरवठादार नव्हे, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या अंगावरच्या भरदार रंगांच्या हातमागाच्या साड्या आणि ठसठशीत चांदीचे दागिने त्या धारणेची साक्ष देत.

मंडळाचे पहिले काम शोधाचे होते. कोणत्या गावात काय बनते, किती घरांत बनते, कच्चा माल कुठून येतो, सावकार किती घेतो, याची एकत्र नोंद कुठेही नव्हती. कमलादेवी गावोगाव हिंडल्या, त्याही अनेकदा साध्या रेल्वेच्या डब्यातून आणि कच्च्या रस्त्यांनी. जिथे एखादी कला दोनचार म्हाताऱ्यांच्या हातात उरली होती, तिथे त्या थांबत.

श्रीकालहस्ती हे त्यांतले एक गाव. तिरुपतीजवळ, स्वर्णमुखी नदीकाठी वसलेल्या या तीर्थक्षेत्री कापडावर कलमाने रामायण-महाभारत रंगवण्याची परंपरा होती. देवळातल्या पडद्यांसाठी आणि रथांसाठी ती कापडे जात. देवळांचा आश्रय आटला आणि कारागीर पोटासाठी शेतीकडे किंवा इतर मजुरीकडे वळले. त्याआधीच रंगाऱ्यांच्या धंद्यावर दुरून घाव पडला होता. १८५६ मध्ये इंग्लंडात विल्यम पर्किन यांना पहिला कृत्रिम रंग सापडला, १८६९ मध्ये मंजिष्ठेतला लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला, १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली. पिढ्यान् पिढ्यांचे ज्ञान पुडीत मिळू लागल्यावर ते मुलाला शिकवायचे कशाला, असा प्रश्न घरोघर उभा राहिला.

ते ज्ञान काय होते, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण कलमकारी पाहणाऱ्याला त्यातले चित्र दिसते, पण त्यामागचे रसायन दिसत नाही. कोरे सुती कापड आधी धुऊन त्याची खळ काढायची. मग ते हिरड्याच्या काढ्यात म्हशीचे दूध मिसळून बुडवायचे आणि उन्हात वाळवायचे. हिरड्यातले तुरट द्रव्य पुढे रंग धरून ठेवते. दुधातला स्निग्धांश कलमाची रेघ पसरू देत नाही. चिंचेच्या जळक्या काड्यांनी आराखडा काढायचा. काळा रंग म्हणजे गूळ आणि गंजलेले लोखंड पाण्यात काही आठवडे आंबवून केलेले द्रव. बांबूच्या टोकदार काडीला लोकर किंवा चिंधी गुंडाळून कलम करायचे. चिंधी दाबली की द्रव टोकाकडे उतरतो. हे लोहद्रव कापडावर लागते तेव्हा फिकट दिसते, आणि हिरड्याशी संयोग होऊन पाहता पाहता काळे पडते. कारागीर आपण ओढत असलेली रेघ अंदाजानेच ओढत असतो.

लाल रंगाची रीत तर अधिकच नवलाची. लाल रंग कापडाला लावतच नाहीत. जिथे लाल हवा तिथे फक्त तुरटीचे पाणी लावायचे, वाळवायचे, वाहत्या पाण्यात जास्तीची तुरटी धुऊन टाकायची आणि मग सगळे कापड मंजिष्ठेसारख्या मुळांच्या काढ्यात उकळायचे. तुरटी लागलेली जागा तेवढी लाल होते. उरलेले कापड पुन्हा धुऊन, उन्हात टाकून पांढरे करता येते. पिवळ्यासाठी डाळिंबाची साल किंवा हिरड्याचे फूल, निळ्यासाठी नीळ, हिरव्यासाठी पिवळ्यावर निळा. प्रत्येक रंगाबरोबर धुणे आणि वाळवणे आलेच. म्हणून नदी हवी, आणि तीही वाहती हवी. साचलेल्या पाण्यात सुटलेला रंग दुसरीकडे बसतो आणि महिन्याचे काम वाया जाते. तुरटी ही रसायनशास्त्राच्या भाषेत एक प्रकारचे मीठच. मुंबईत मिठाच्या पुड्या विकणाऱ्या बाईंच्या उत्तरायुष्यात आणखी एका मिठाला इतके महत्त्व यावे, हा निव्वळ योगायोग, पण सांगण्यासारखा.

श्रीकालहस्तीत १९५७ मध्ये मंडळाच्या पुढाकाराने प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. जुन्या परंपरेतले जाणते कारागीर जोन्नलगड्डा लक्ष्मय्या यांना गुरू म्हणून नेमले गेले आणि शिकणाऱ्या मुलांना विद्यावेतन दिले गेले. ही विद्यावेतनाची बाब दिसायला लहान आहे, पण सारे तिच्यावरच अवलंबून होते. शिकण्याच्या काळात मुलगा घरात चार पैसे आणत नसेल, तर गरीब बाप त्याला शिकू देणार नाही, एवढे साधे गणित अनेक कलाप्रेमी विसरतात. त्याच घराण्यातील गुरप्पा चेट्टी पुढे कलमकारीचे आचार्य मानले गेले आणि २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

भरतकामाच्या बाबतीत अडचण वेगळी होती. रंगारी आणि विणकर हे निदान जातीने, पेठेने, संघाने ओळखले जात. सुई मात्र घरातल्या बाईच्या हातात होती, आणि घरातल्या बाईच्या कामाला धंदा म्हणण्याची पद्धत नव्हती. धारवाडकडची कसुती घ्या. सोलापूर, बेळगाव, कोल्हापूरकडच्या घरांतून इरकली लुगड्यांच्या पदरावर ती मराठी बायकांनीही मिरवली आहे. गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती, पाळणा अशी तिची चित्रे. पण कापडावर आराखडा कधी काढायचा नाही. ताण्याबाण्याचे धागे डोळ्यांनी मोजायचे आणि टाका घालायचा. गाठ मारायची नाही. गवंती टाक्यात तर सुई एकदा पुढे जाऊन त्याच वाटेने परत येते आणि कापड दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. एवढी मोजदाद करणाऱ्या बाईला कागदावरचा हिशेब येत नाही म्हणून तिला अडाणी ठरवले जाई. लखनौच्या चिकनकारीची कथा त्याहून कठोर: काम बाईचे, कापड व्यापाऱ्याचे, आणि मधल्या दलालाकडून तिच्या हाती पडणारे पैसे मोजायलाही वेळ लागू नये इतके थोडे.

कमलादेवींनी १९७५ मध्ये भारतीय हस्तकलांवर आणि त्यानंतर भारतीय भरतकामावर स्वतंत्र पुस्तके लिहिली. बंगालच्या कांथापासून काश्मीरच्या कशिद्यापर्यंत टाक्यांची नावे, कापडांचे प्रकार आणि आकृतींचे अर्थ त्यांनी नोंदवले. ही पुस्तके अभ्यासकाच्या काटेकोरपणापेक्षा पाहणाऱ्याच्या आत्मीयतेने लिहिलेली आहेत, आणि काही ठिकाणी आत्मीयता जरा जास्तच होते. पण ज्या कामाला घरकाम म्हणून बाजूला सारले गेले होते, त्याला कला म्हणून पुस्तकात जागा मिळणे हे त्या काळी सहज घडणारे नव्हते.

प्रदर्शनांविषयी त्यांचे मत तयार होत गेले, ते याच अनुभवातून. वसाहतकाळातही भारतीय कापडे प्रदर्शनांत मांडली जात. लंडन आणि पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत त्यांनी लोकांचे डोळे दिपवले होते. परंतु तिथे कापडाखाली गावाचे नाव असे, फार तर राजाचे असे, विणणाऱ्याचे क्वचितच. मंडळाच्या काळात दिल्लीत १९५६ मध्ये हस्तकला संग्रहालयाची सुरुवात झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि बंगळूर येथे रचना-केंद्रे निघाली. आणि १९६५ पासून निष्णात कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार देण्याची योजना सुरू झाली. गायकाला, नटाला, चित्रकाराला मिळणारा मान रंगाऱ्याला आणि विणकरालाही मिळावा, त्याने दिल्लीला यावे आणि राष्ट्राने त्याचे नाव उच्चारावे, हा त्यामागचा हेतू. आज एखाद्या दालनात कलमकारीच्या पडद्याखाली कलाकाराचे नाव वाचायला मिळते, त्या प्रथेच्या मुळाशी ही योजना आहे.

या कामावर आक्षेपही घेतले गेले, आणि ते सगळेच चुकीचे नव्हते. एम्पोरियमचे गिऱ्हाईक मुख्यतः दिल्लीतला सुखवस्तू वर्ग, परदेशी पाहुणे आणि वकिलातींतली कुटुंबे. देवळाचा पडदा दिवाणखान्याच्या भिंतीवर आला, की रामायणाचे अठ्ठावीस प्रसंग विकत घ्यायला कोणी तयार नसते. एक मोर, एक जीवनवृक्ष एवढेच हवे असते. निर्यातीची मोठी मागणी आली, की कारागीर घाई करतो, नैसर्गिक रंगात पुडीतला रंग मिसळतो. सरकारी दुकानांची देणी महिनोन् महिने रखडतात. पुरस्काराने एक नाव मोठे होते आणि त्याच्या घरात काम करणाऱ्या बायका-मुलांची नावे पुन्हा अदृश्यच राहतात. कमलादेवींना या अडचणी दिसत नव्हत्या असे नाही. सरकारी खात्याच्या कामातले अपुरेपण ओळखूनच त्यांनी १९६४ मध्ये मद्रासला ‘क्राफ्ट्स कौन्सिल ऑफ इंडिया’ ही सरकारबाहेरची संस्था उभी केली. तरीही त्यांच्या पिढीने राज्यसंस्थेवर जो विश्वास टाकला, तो पुढच्या काळाने पूर्ण फेडला नाही, असे म्हणावे लागते.

याच १९६४ सालची न्यूयॉर्कची परिषद म्हणजे या लेखाच्या आरंभी आलेली घटना. कमलादेवी तिथे गेल्या, त्या एका गरीब देशाची प्रतिनिधी म्हणून मदत मागायला नव्हे. पाश्चात्त्य देशांत तोपर्यंत हस्तकला ही बहुतांशी कलाशाळेत शिकलेल्या, एकट्याने काम करणाऱ्या कलावंताची गोष्ट झाली होती. भारतासारख्या देशांत ती लाखो घरांची उपजीविका होती. एकाच मंचावर हे दोघे बसले, ही त्या परिषदेची खरी नवलाई. १९६६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आखाती देशांतील हस्तकला संस्था त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, आपापल्या कारणांनी आणि आपापल्या साधनांनी उभ्या राहिल्या. त्यांना कमलादेवींचे वारस म्हणणे अतिशयोक्ती होईल. परंतु दिब्बा अल हिस्नच्या स्त्रीला तल्लीसाठी नियमित मोबदला मिळावा, तिने नव्या मुलींना शिकवावे आणि तिच्या कामाची मांडणी आदराने व्हावी, हा आग्रह जेव्हा धरला जातो, तेव्हा प्रश्न आणि उत्तर दोन्ही श्रीकालहस्तीचेच असतात. फरक एवढाच, की इथे पैशाची चणचण नाही. चणचण आहे ती शिकू इच्छिणाऱ्या हातांची.

उतारवयातही कमलादेवींचा प्रवास थांबला नाही. १९८६ मध्ये त्यांच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक आले. त्यात खासगी दुःखांविषयी फारच थोडे आहे. वैधव्य आणि घटस्फोट यांना मिळालेल्या जागेपेक्षा कितीतरी अधिक जागा माणसांना, चळवळींना आणि कारागिरांना मिळाली आहे. १९५५ मध्ये पद्मभूषण आणि १९८७ मध्ये पद्मविभूषण असे सन्मान त्यांना मिळाले. २९ ऑक्टोबर १९८८ रोजी वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले, ते मुंबईत. चौपाटीवर चुली मांडल्या गेल्या त्याला तेव्हा अठ्ठावन्न वर्षे झाली होती.

ज्या मंडळासाठी त्यांनी राजकारण सोडले, ते अखिल भारतीय हस्तकला मंडळ केंद्र सरकारने २०२० च्या ऑगस्टमध्ये, राष्ट्रीय हातमाग दिनाच्या तोंडावर, बरखास्त केले. त्याच सुमारास हातमाग मंडळही बंद झाले. तोपर्यंत ती केवळ सल्लागार स्वरूपाची उरली होती, त्यामुळे निर्णयाचा फारसा गवगवा झाला नाही. ज्यांना वाईट वाटले त्यांत कारागिरांच्या संघटना आणि कमलादेवींबरोबर काम केलेली काही वृद्ध मंडळी होती.

श्रीकालहस्तीत आता अनेक घरांतून कलमकारी चालते आणि कलम धरणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. साड्या, ओढण्या, भिंतीवरचे पडदे देशभर जातात, दुबई आणि शारजाच्या दुकानांतही पोहोचतात. त्यांतले काही हिरडा, तुरटी आणि मंजिष्ठेचे असतात, काही फक्त तसे दिसणारे. स्वर्णमुखी बारमाही नाही. ज्या महिन्यांत तिला पाणी नसते, त्या महिन्यांत लाल रंगाचे कापड धुवायला कारागीर दुसरे वाहते पाणी शोधत जातात.